अण्णांच्या पेटीतली लॉटरीची तिकिटं आणि ‘एका अंकानं हुकलं’

पूर्वभागकर
नमस्कार मंडळी. अण्णांना, माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाआधी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. मिलचा पास, फंडाची कागदं, आजीचा एकुलता एक फोटो आणि सगळ्यांच्या तळाशी रबर लावलेला लॉटरीच्या तिकिटांचा गठ्ठा. रबर हात लावताच तुटलं. तिकिटं मोजली, एकसष्ट भरली. प्रत्येक तिकिटावर कुठल्यातरी एका अंकाभोवती शिसपेन्सिलीनं गोल केलाय आणि शेजारी बारीक अक्षरात दुसरा अंक लिहिलाय. ७ ला गोल, बाजूला ६. ३ ला गोल, बाजूला ९.

आईला विचारलं तर म्हणाली, “ती एका अंकानं हुकलेली आहेत. ती फाडत नव्हते ते.”

अण्णा आधी सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात. तंबाखू सोडली तर दुसरा नाद नाही. पगाराच्या दिवशी एक तिकीट घ्यायचे, आठवड्याला एकच, साधारण वीस वर्षं. मला लहानपणी वाटायचं की आमचं नशीब दाराशी येऊन थांबलंय, फक्त कडी काढायची राहिलीय. गठ्ठा बघितल्यावर परत तसंच वाटलं. एकसष्ट वेळा माणूस एका अंकानं कसा हुकतो?

म्हणून हा धागा. सरकारी लॉटरी आतून चालते कशी, बक्षीस कसं ठरतं, सोडत कोण काढतं, पैसे कुठं जातात, हे मला नीट समजून घ्यायचंय. माझा मुलगा खरवडायच्या तिकिटांचं विचारतोय, परदेशात असतात ती. तेही कुणाला माहीत असेल तर लिहा. एवढीच विनंती की अण्णांना मूर्ख म्हणू नका. वाचायला आई पण बसणार आहे.

स्टॉलवरचा
पूर्वभागकर, तुमच्या अण्णांना नमस्कार. आमच्या वडिलांचा लॉटरीचा स्टॉल होता, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. मी शाळा सुटली की तिथंच. अण्णांसारखी माणसं मी रोज बघितलीत आणि त्यातलं कुणी मूर्ख नव्हतं. तिकीट हातात घेऊन दोन मिनिटं उभे राहायचे, आकडा मनातल्या मनात वाचायचे, मग खिशात. ती दोन मिनिटं त्यांची स्वतःची असायची.

आता धंद्याचं सांगतो. महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ ची. त्याआधी केरळनं १९६७ मध्ये सुरू केली होती, देशात पहिली. तिकीट एक रुपया, पहिलं बक्षीस पन्नास हजार, आणि पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ला. आपल्याकडं मुंबईत तेव्हा मटका जोरात होता. त्याच्याकडं जाणारा पैसा सरकारी तिजोरीत वळवावा हा एक हेतू होता, असं वडील सांगायचे.

कागदी तिकिटावर दोन गोष्टी असतात, मालिका आणि क्रमांक. मालिकेची अक्षरं आणि पुढं पाच-सहा आकडी नंबर. पहिलं बक्षीस मालिका आणि पूर्ण क्रमांक दोन्ही जुळले तरच. तोच क्रमांक दुसऱ्या मालिकेत असेल तर समाधानाचं बक्षीस, म्हणजे थोडेफार रुपये. खालची बक्षिसं शेवटच्या चार अंकांवर. आमच्याकडं निकालाचा कागद आला की लोक आधी खालून वाचायचे, वरचं बक्षीस शेवटी. कारण शंभर-दोनशे लागले तर ते खालीच लागणार हे सगळ्यांना ठाऊक.

विकणाऱ्याचं गणित वेगळं. आम्हाला तिकिटावर कमिशन, आणि बक्षीस लागलं तर त्यातला ठरलेला वाटा. पण न विकलेली तिकिटं आमच्याच गळ्यात पडायची. सोडतीच्या दिवशी दुपारी तीन वाजता दोरीला चिमट्यानं लटकलेली तिकिटं बघून वडिलांचा चेहरा उतरायचा. मग ओरडायचे, “आजचा निकाल, आजचा निकाल! घ्या की साहेब, शेवटचं राहिलंय!” शेवटचं कधीच नसायचं. हे मी कबूल करतो.

आणि फसवणूक आमचीही व्हायची. एकदा एकजण ३ चा ८ करून तिकीट घेऊन आला. ब्लेडनं खरवडून शाई भरलेली. वडिलांनी दिव्यापुढं धरलं नसतं तर पाचशे रुपये गेले असते. आता बारकोड असतो, पण केरळात रस्त्यावर तिकीट विकणाऱ्या आंधळ्या-वृद्ध लोकांना अजून असंच गंडवतात.

केतकी_होटगीरोड
पूर्वभागकर, त्या एकसष्टमध्ये एखादं खरंच लागलेलं असेल आणि अण्णांच्या नजरेतून सुटलं असेल तर? पैसे मिळतील का आता?

हिशेबनीस
केतकी, नाही मिळणार. लॉटरीचा केंद्राचा कायदा १९९८ चा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की ठरलेल्या मुदतीत न मागितलेलं बक्षीस राज्य सरकारचं होतं. मुदत तिकिटाच्या मागं छापलेली असते. आणि तिकीट ज्याच्या हातात, बक्षीस त्याचं. म्हणून घेतल्या घेतल्या मागं नाव लिहून सही करावी, हे स्टॉलवाल्यांनी सांगायला हवं, पण फार थोडे सांगतात.

याच कायद्यातल्या अजून दोन-चार अटी सांगतो. बक्षीस एका अंकावर देता येत नाही. आधी जाहीर केलेल्या आकड्यावरही नाही. तिकिटावर राज्याची मुद्रा हवी, सोडत राज्यानं स्वतः काढायची आणि तीही राज्याच्या हद्दीतच. एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत नाही, आणि बंपर, म्हणजे मोठ्या बक्षिसाच्या खास सोडती, वर्षात सहापेक्षा जास्त नाहीत. ‘एका अंकावर नाही’ ही अट उगाच आलेली नाही. नव्वदच्या दशकात एकअंकी लॉटऱ्यांनी देशभर हाहाकार केला होता. दहा अंकांतला एक लागणार म्हटलं की माणूस दिवसाला दहादा खेळतो.

करांचं नंतर लिहितो, हातातलं रिटर्न संपू द्या.

संख्यावाचक
मी संख्याशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. पूर्वभागकर, तुमचा प्रश्न मला दोन दिवस सोडेना. त्याचं उत्तर आहे, आणि ते अण्णांच्या नशिबाविषयी नाहीच. ते आकड्यांच्या मांडणीविषयी आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि आईंनाही बसवा.

शेवटच्या चार अंकांवरची बक्षिसं घेऊ. चार अंक म्हणजे ०००० ते ९९९९, एकूण दहा हजार शक्यता. समजा एका सोडतीत असे वीस आकडे निघतात. योजनेप्रमाणे कमी-जास्त असतील, आपण वीस धरू. तुमच्या तिकिटाला त्यातलं एखादं लागण्याची शक्यता दहा हजारांत वीस, म्हणजे पाचशेत एक.

आता ‘एका अंकानं हुकलं’ म्हणजे काय? निघालेला आकडा ४७२६ आहे. त्याच्यापेक्षा एकाच जागी वेगळे असलेले आकडे किती? पहिल्या जागी ४ सोडून नऊ अंक येऊ शकतात, दुसऱ्या जागी नऊ, तिसऱ्या जागी नऊ, चौथ्या जागी नऊ. झाले छत्तीस. म्हणजे निघालेल्या प्रत्येक आकड्याभोवती छत्तीस आकड्यांचं रिंगण उभं राहतं आणि ती सगळी तिकिटं ‘एका अंकानं हुकलेली’ ठरतात. वीस आकडे, प्रत्येकी छत्तीस, मिळून सातशेवीस. दहा हजारांत सातशेवीस. साधारण दर चौदा तिकिटांत एक तिकीट एका अंकानं हुकतंच.

अण्णा आठवड्याला एक तिकीट, वीस वर्षं. वर्षाची बावन्न धरली तर एक हजार चाळीस तिकिटं. त्यातली सुमारे पंचाहत्तर एका अंकानं हुकायला हवीत. लागायला हवीत दोन, फार तर तीन. पेटीत एकसष्ट सापडली. माझ्या हिशेबाच्या इतक्या जवळ की मी पेन खाली ठेवलं.

अजून एक. पेटीत काय उरतं ते बघा. लागलेलं तिकीट स्टॉलवर द्यावं लागतं, म्हणून ते पेटीत नाही. पार चुकलेलं तिकीट फाडून टाकलं, म्हणून तेही नाही. उरलं ते फक्त हुकलेलं. वीस वर्षांनी पेटी उघडणाऱ्याला फक्त तेच दिसणार, आणि त्याला वाटणार की हा माणूस जन्मभर उंबऱ्यावर उभा होता. ६ च्या ठिकाणी ७ आलं काय आणि १ आलं काय, आकडे काढायला फिरवतात त्या सोडतीच्या चक्रांना त्याचं काही नाही. ४७२६ ला ४७२७ ‘जवळ’ वाटतं ते आपल्या डोळ्यांना. चक्रांच्या दृष्टीनं ०००३ सुद्धा तितकंच लांब आहे.

कन्नाचौक
सर, हिशेब छान आहे, पण हे सगळं सोडत खरी असेल तर ना? माझ्या मते सगळं आधी ठरलेलं असतं. कुठलं तिकीट विकलं नाही ते बघतात आणि तोच नंबर काढतात. आमच्या गल्लीत आजवर एकालाही मोठं लागलेलं ऐकलं नाही.

संख्यावाचक
गल्लीत कुणाला लागलं नाही हा पुरावा नाही. दहा लाख तिकिटांत एक पहिलं बक्षीस असेल आणि तुमच्या गल्लीनं दर आठवड्याला शंभर तिकिटं घेतली, तरी एकदा लागायला सरासरी दहा हजार आठवडे जातील. ते झाले एकशे ब्याण्णव वर्षं.

शंका घेणं मात्र रास्त आहे. सोडतीत फसवणूक झालेली आहे आणि ती पकडलीही गेलीय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात २४ एप्रिल १९८० ला तीन अंकी सोडत टीव्हीवर चालू होती. हवेच्या झोतानं चेंडू उडवून अंक काढायचे. सूत्रसंचालक निक पेरी आणि त्याच्या साथीदारांनी ४ आणि ६ सोडून बाकी सगळ्या चेंडूंत पांढरा रंग भरून ते जड केले. हलके चेंडूच वर येणार. तीन जागा, दोन अंक, म्हणजे फक्त आठ शक्यता. आठही आकड्यांवर त्यांनी पैसे लावले होते. निघालं ६६६. त्या आठ आकड्यांवर नेहमीपेक्षा भलताच पैसा आलेला होता, त्यावरून संशय आला आणि सापडले.

दुसरं प्रकरण त्याहून भयंकर. कित्येक अमेरिकी राज्यांच्या लॉटऱ्या मिळून चालवणाऱ्या संस्थेत एडी टिप्टन नावाचा माणूस होता, तोही सुरक्षा विभागात. आकडे संगणक काढायचा. त्यानं त्या प्रोग्रॅममध्ये असा तुकडा घुसवला की वर्षातल्या काही ठरावीक दिवशी कुठले आकडे येतील ते त्याला आधीच मोजक्या शक्यतांत कळायचं. डिसेंबर २०१० मध्ये आयोवात त्यानं स्वतः तिकीट घेतलं आणि त्याला एक कोटी पासष्ट लाख डॉलर लागले. बक्षीस मागायला मात्र पुढं येता येईना. दुकानाच्या कॅमेऱ्यातल्या चित्रफितीवरून ओळखला गेला. २०१७ मध्ये पंचवीस वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

म्हणून चक्रं लोकांसमोर फिरवायची, साक्षीदार बसवायचे आणि निकाल छापायचा, हे सगळं नुसतं दाखवण्यापुरतं नसतं. विचारायचं तर हे विचारा, कन्नाचौक: आकडे कोण काढतं, कशावर काढतं आणि त्या वेळी समोर कोण बसलेलं असतं.

स्टॉलवरचा
न विकलेल्या तिकिटाचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही. साध्या सोडतीत छापलेल्या सगळ्या क्रमांकांतून आकडा निघतो. निघालेलं तिकीट कुणाकडंच विकलेलं नसलं तर ते बक्षीस कुणालाच जात नाही. त्यात कट वगैरे काही नाही, नियमच तो. काही बंपरांवर मात्र छापलेलं असतं, ‘पहिलं बक्षीस विकलेल्या तिकिटांतूनच’. बंपर घ्यायच्या आधी ती ओळ शोधायची, एवढंच आमचे वडील गिऱ्हाइकाला मोकळेपणानं सांगायचे.

कुंभारी_घरकुल
मी विडी कामगाराची मुलगी. आई दिवसाला हजार विड्या वळायची. मी लिहू का नको असा विचार केला, पण पूर्वभागकर यांच्या आई वाचतात म्हटल्यावर लिहिते.

तुमच्या अण्णांचं आठवड्याला एक तिकीट होतं. माझ्या वडिलांचं तसं नव्हतं. त्यांनी कागदी लॉटरीवर फार पैसा घातला नाही. त्यांचं घर गेलं ते ऑनलाईन लॉटरीच्या दुकानात. एका खोलीत दोन टर्मिनल, भिंतीवर टीव्ही, आणि दर पंधरा मिनिटांनी सोडत. दोन आकडे, ०० ते ९९. शंभरात एक. सकाळी आत गेलेला माणूस जेवायलाही बाहेर यायचा नाही, कारण पुढची सोडत नेहमी पंधरा मिनिटांवरच असायची. हिशेबनीस, तुम्ही म्हणता आठवड्यात एकच सोडत. मग हे कसं चालायचं?

आई शनिवारी विड्यांचे पैसे आणायची तेव्हा त्यातले मोडलेले शंभर-दोनशे ती पिठाच्या डब्यात लपवायची. डबा बदलायची. वडिलांना प्रत्येक डबा माहीत व्हायचा. मला अजून कुणी ‘नशीब’ म्हणालं की पिठाचा वास येतो.

आणि त्याच दुकानाच्या मागच्या दारात मटक्याचा आकडा घेणारा बसायचा. पुढून सरकारी, मागून चोरटा. वडिलांना दोन्हीतला फरक कळत नव्हता, आणि आम्हाला तो कळून उपयोग नव्हता.

हिशेबनीस
ताई, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: कायदा ‘एका लॉटरीची’ आठवड्यात एक सोडत म्हणतो. मग प्रत्येक सोडतीला वेगळं नाव द्यायचं. सोमवारी अकराची एक लॉटरी, सव्वाअकराची दुसरी. कागदावर प्रत्येकीची आठवड्यात एकच. पुढं २०१० च्या नियमांत एका राज्याच्या सगळ्या योजना मिळून दिवसाला चोवीसच सोडती, असं बंधन आलं. पण अनेक राज्यांच्या लॉटऱ्या एकाच दुकानात विकल्या तर दुकानाला तेही पुरतं. म्हणून परराज्याच्या लॉटऱ्या आपल्याकडं विकू द्यायच्या की नाहीत, हा हक्क कायद्यानं राज्यांना दिलाय. तमिळनाडूनं २००३ मध्ये सगळ्याच बंद केल्या, कर्नाटकानं २००७ मध्ये.

मटक्याचं म्हणाल तर तो १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये सांगितलं की लॉटरी राज्यानं चालवली तरी ती जुगारच आहे. राज्य चालवतं म्हणून तिला परवानगी मिळते, तिचा स्वभाव बदलत नाही. घटनेतही दोघांच्या जागा वेगळ्या आहेत. सरकारी लॉटरी केंद्राच्या यादीत, बाकीचा जुगार राज्यांच्या.

ब्रॅम्प्टनकरीण
मी सोलापूरची, साखर पेठेतली. नऊ वर्षं कॅनडात, त्यातली पहिली तीन कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्यावर. पूर्वभागकर, खरवडायच्या तिकिटांचं तुमच्या मुलासाठी लिहिते, कारण ती माझ्या नजरेसमोर रोलच्या रोल संपायची.

पहिली गोष्ट ही की त्यात सोडत नसतेच. आपल्या तिकिटात आकडा नंतर निघतो, तुम्ही वाट बघता. खरवडायच्या तिकिटात निकाल छापखान्यातच ठरलेला असतो. समजा एका खेळाची पन्नास लाख तिकिटं छापायची. कुठलं बक्षीस किती तिकिटांत जाणार हे आधी ठरतं. संगणक ती मिसळतो, मग छापून वर रबरासारखा थर चढवतात. तुम्ही नाण्यानं खरवडता तेव्हा फक्त झालेलं उघडं होतं. पट्ट्यांचे गठ्ठे असतात आणि छोटी बक्षिसं गठ्ठ्यागठ्ठ्यांत बरीचशी सारखी वाटलेली असतात, म्हणजे कुठलंच दुकान पार कोरडं राहत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनं १९७४ मध्ये असं तिकीट पहिल्यांदा आणलं.

तिकिटावर लिहिलेलं असतं, ‘चारांत एक जिंकतं’. ते खोटं नाही. पण त्या जिंकण्यात पाच डॉलरच्या तिकिटावर पाच डॉलर परत मिळणंही धरलेलं असतं. गिऱ्हाईक ते पाच घेऊन घरी जात नाही, माझ्यासमोरच दुसरं तिकीट घेतं. मी रोज बघितलंय.

संख्यावाचक सर, तुमचं ‘एका अंकानं हुकलं’ वाचून अंगावर काटा आला. तुमच्या सोडतीत ते आपोआप होतं. खरवडायच्या तिकिटात ते करता येतं, कारण हरणाऱ्या तिकिटावर काय दिसावं हे छापणाऱ्याच्याच हातात असतं. तीन सारखी चित्रं लागतात तिथं दोन सारखी दाखवायची आणि तिसरं वेगळं. या धंद्यात त्याला नावही आहे, हार्टस्टॉपर. क्षणभर काळीज थांबवणारं.

आणि एक गोष्ट जी मला फार आवडते. टोरांटोत मोहन श्रीवास्तव नावाचे संख्याशास्त्रज्ञ आहेत, खाणींत सोनं कुठं असेल याचा अंदाज बांधणारे. २००३ मध्ये त्यांच्या हातात फुली-गोळ्याचं खरवडायचं तिकीट आलं. त्यावर काही आकडे आधीच उघडे छापलेले होते. त्यांच्या लक्षात आलं की जे आकडे तिकिटावर एकदाच दिसतात ते एका ओळीत तीन आले, तर ते तिकीट बहुधा जिंकणारं असतं. खरवडायचीसुद्धा गरज नाही. त्यांनी वीस न खरवडलेली तिकिटं जिंकणारी-हरणारी अशी वेगळी करून लॉटरीच्या कार्यालयाला पाठवली. एकोणीस बरोबर निघाली. तो खेळ बंद करावा लागला. आणि हे हिशेबाचं काम करून दिवसाला जेवढं मिळेल, त्यापेक्षा आपल्या नोकरीत जास्त मिळतं, म्हणून ते परत आपल्या कामाला गेले.

गल्ल्यावरची चोरी इथंही झाली. दुकानदार ‘नाही लागलं’ म्हणून तिकीट टाकल्यासारखं करायचा आणि नंतर स्वतः बक्षीस घ्यायचा. २००७ मध्ये ऑन्टारिओच्या लोकपालांचा मोठा अहवाल आला. त्यानंतर आमच्या मशीनचा पडदा गिऱ्हाइकाकडं तोंड करून आला, जिंकलं की यंत्र मोठ्यांदा वाजतं, आणि तिकीट तपासायच्या आधी त्यावर सही बघावी लागते. ते गाणं वाजलं की दुकानातले सगळे वळून बघायचे. बहुतेक वेळा दोन डॉलर असायचे.

कन्नाचौक
ब्रॅम्प्टनकरीण, तिथं बक्षिसावर कर नाही म्हणतात, खरं का?

ब्रॅम्प्टनकरीण
हो, कॅनडात लॉटरीच्या बक्षिसावर आयकर नाही.

हिशेबनीस
आता आपल्याकडचा कर. कर दोनदा बसतो, एकदा तिकीट घेताना आणि एकदा जिंकल्यावर.

तिकिटावरचा जीएसटी मार्च २०२० पासून अठ्ठावीस टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के झाला. पन्नास रुपयांच्या तिकिटात जवळपास चौदा रुपये एकोणतीस पैसे कराचेच. उरले पस्तीस रुपये एकाहत्तर पैसे. त्यातून छपाई, विक्रेत्याचं कमिशन, राज्याचा वाटा आणि मग बक्षिसं. कर वाढला आणि तिकिटाची किंमत तीच राहिली तर काहीतरी कुठंतरी कापलं जाणारच, आणि गिऱ्हाईक बक्षिसांचा तक्ता मागच्या वर्षीच्या तक्त्याशी ताडून बघत नाही.

जिंकल्यावर सरळ तीस टक्के, वर चार टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. दहा हजारांच्या वर असेल तर देतानाच तीस टक्के कापून देतात. तुमचं बाकी उत्पन्न शून्य असलं तरी यावर सूट नाही. वीस वर्षांत तिकिटांवर घातलेले पैसेही वजा होत नाहीत. म्हणजे अण्णांना लाख रुपये लागले असते तर एकतीस हजार दोनशे कर, आणि आधीच्या हजार तिकिटांचा खर्च कुठंच धरला नसता.

मोठं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये केरळच्या ओणम बंपरचं पहिलं बक्षीस पंचवीस कोटी होतं, तिकीट पाचशेचं. एका रिक्षाचालकाला लागलं. आधी दहा टक्के एजंटचे, अडीच कोटी. उरले साडेबावीस. त्यावर तीस टक्के, पावणेसात कोटी. इथं बहुतेक लोक हिशेब थांबवतात आणि १५.७५ कोटी म्हणतात. पण तेव्हा पाच कोटींवरच्या उत्पन्नाला करावर सदतीस टक्के अधिभार होता, आणि सगळ्यावर उपकर. शेवटी हातात सुमारे १२.८८ कोटी. रक्कम मोठीच आहे, पण पंचवीसचा आकडा डोक्यात ठेवून उधारी-देणग्या कबूल करणाऱ्याचं काय होईल ते बघा. त्या माणसानं तर काही दिवसांतच जाहीरपणे सांगितलं की पैसे मागायला येणाऱ्या लोकांमुळं घरात राहता येत नाही.

केतकी_होटगीरोड
आमच्या भागात एका दुकानानं दिवाळीत खरेदीवर खरवडायचं कार्ड दिलं होतं. माझ्या जावेला ‘कार लागली’ असं निघालं आणि ‘आधी नोंदणीचे पाच हजार भरा’ म्हणाले. तिनं भरले. कार नाहीच, आणि दुकानही जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपेपर्यंत उठून गेलं.

हिशेबनीस
बक्षीस मिळवायला आधी पैसे भरा म्हटलं की तिथंच उठायचं. सरकारी लॉटरीत कर बक्षिसातून कापतात, तुमच्याकडून आधी मागत नाहीत. आणि खाजगी माणसानं लॉटरीचं दुकान मांडणं हा मुळातच गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या २९७ कलमाखाली. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पंचवीस लाखांची लॉटरी लागली’ म्हणून येतं तेही यातलंच. पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन लावा. जितका लवकर लावाल तितके पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त.

कुंभारी_घरकुल
केतकीताई, जावेला बोलू नका. तिला आधीच पुरेसं वाटलं असेल.

पूर्वभागकर
सगळं आईला वाचून दाखवलं. संख्यावाचक सरांचा हिशेब दोनदा वाचायला लावला. छत्तीसच्या जागी ती बोटं मोजत होती, नऊ, अठरा, सत्तावीस, छत्तीस. मग म्हणाली, “म्हणजे सगळ्यांचंच हुकायचं.” मी हो म्हटलं.

गठ्ठा परत लावून बघितला. कुठल्या जागेचा अंक हुकलाय ते मोजलं: हजाराच्या जागी सोळा, शतकाच्या जागी चौदा, दशकाच्या जागी तेरा, एककाच्या जागी अठरा. सर, तुम्ही म्हणालात तसं चारही जागांवर साधारण सारखंच आहे. अण्णांच्या मनात मात्र शेवटचा अंक हुकलेली वेगळी होती, त्यांना त्यांनी दोन गोल केलेत.

आणि सरांनी ‘दोन, फार तर तीन’ लिहिलं होतं ना. आईला विचारलं. दोनदा लागलं होतं. एकदा शंभर, ते तसेच संपले. दुसऱ्यांदा पाचशे. त्या दिवशी अण्णा स्टॉलवरून परस्पर मधल्या मारुतीच्या बाजूला गेले आणि झाकणाचा मोठा स्टीलचा डबा घेऊन आले, आईचं नाव कोरून. त्याची पावती नाही, तिकीट नाही, पेटीत त्याचं काहीच नाही. कुंभारीच्या ताई, तुमचं वाचून आई बराच वेळ गप्प होती, मग उठून आत गेली आणि तो डबा माझ्यापुढं आणून ठेवला. आमच्याकडं पीठ त्यातच असतं.

स्टॉलवरचा, काही तिकिटांच्या मागं विक्रेत्याचे शिक्के आहेत, जांभळ्या शाईचे, अर्धवट पुसलेले. तुमच्या वडिलांचा शिक्का कसा होता ते लिहा, मी रविवारी भिंग घेऊन बसतो.